आधी उत्तर लिहा, मग खाली सरका: स्पेशालिटीच्या अभ्यासासाठी सोशल मीडिया

"काल ड्युटीवर काय वाचलंस?" राउंड संपल्यावर मी एका जेआर-१ ला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला, सहज विचारलं.

"वाचलं असं नाही सर, पण एक्सवर पाच-सहा ईसीजी बघितले. भारी होते."

"कोणते?"

तो थोडा थांबला. "एकाला कुठलंतरी डच नाव होतं सर."

ते नाव डी विंटर. पोरगा हुशार आहे, आळशी तर मुळीच नाही. ती पोस्ट त्यानं लाइक केली होती, बुकमार्कही केली होती. रात्री दोन वाजता कॅज्युल्टीत दहा मिनिटांची उसंत मिळाली, तर दुसरं कुणी रील्स बघत बसलं असतं. यानं ईसीजी बघितले, आणि तरीही सकाळी हाती काही उरलं नाही.

एमडी, एमएस, डीएनबी करणाऱ्यांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी मेडिसिनचा, म्हणून उदाहरणं मेडिसिनची. सर्जरी, रेडिओलॉजी, बालरोग यांतही रीत हीच राहील, केस तेवढ्या बदलतील.

पहिलं काम: फीड लावून घ्या

वैयक्तिक अकाउंटवर अभ्यास होत नाही. त्यावर भाचीचा वाढदिवस, क्रिकेट आणि नीट-एसएसचे कोर्स विकणारे असे सगळे एकाच रांगेत उभे असतात. अभ्यासासाठी वेगळं अकाउंट काढा. नाव खरं ठेवा आणि ओळखीत फक्त आपला विषय लिहा. कॉलेजचं नाव, बोधचिन्ह परवानगीशिवाय घालू नका.

पहिल्या महिन्यात २५ पेक्षा जास्त जणांना फॉलो करू नका. नावं शोधत बसायचीही गरज नाही, आपल्या विषयात पूर्वीपासून टिकून असलेल्या जागा पकडायच्या. इमर्जन्सीवाल्यांनी ही वाट सर्वांत आधी रुळवली. २०१२ मध्ये डब्लिनच्या परिषदेच्या वेळी ऑस्ट्रेलियातले माइक कॅडोगन आणि त्यांच्या सोबत्यांनी एका पबमध्ये बसून फुकट, खुल्या वैद्यकीय शिक्षणाला 'फोम' हे नाव दिलं. समोर ग्लासात फेसाळ बिअर होती, म्हणून फोम. त्यांचं 'लाइफ इन द फास्ट लेन' ईसीजीसाठी आजही पहिलं दार आहे. रेडिओलॉजीत फ्रँक गेलार्ड यांनी २००५ मध्ये सुरू केलेलं रेडिओपीडिया आहे. नेफ्रोलॉजीत २०१४ पासून नेफजेसी हा जर्नल क्लब चालतो. ईसीजीत खोल उतरायचं असेल, तर स्टीफन स्मिथ यांचा ईसीजी ब्लॉग आहे. या प्रत्येकामागे कष्टानं बांधलेली साइट आहे, सोशल मीडिया हा तिकडे नेणारा पाट फक्त. पाटाचं पाणी पिऊन थांबू नका, विहिरीपर्यंत जा.

एक्सवर 'लिस्ट' बनवा आणि मुख्य फीडऐवजी तीच उघडा. मुख्य फीड तुम्हाला काय दाखवायचं ते अल्गोरिदम ठरवतं, आणि तुमची परीक्षा कधी आहे हे त्याला ठाऊक नसतं.

ही लिस्ट बनवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्यातले बहुतेक रोग अमेरिका-इंग्लंडचे असतील. फुरशाचा दंश, लेप्टो, स्क्रब टायफस, फवारणीची विषबाधा तिथे क्वचित दिसेल. मिनेसोटातला ईसीजी आणि आपल्याकडचा ईसीजी एकच, पण मिनेसोटात विंचवाचा पेशंट येत नाही. त्या केस आपल्यालाच लिहाव्या लागतील. त्याबद्दल पुढे येईलच.

केस कशी बघायची

हा भाग जमला तर बाकीचं सोपं आहे, आणि हा नाही जमला तर बाकीचं सगळं फुकट.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. बाकीच्यांनी एकदा वाचून, तो बाजूला ठेवून, जे आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. स्क्रोल करणारा रेसिडेंट कायम त्या पहिल्या पाच मिनिटांत जगत असतो, त्यामुळे आपल्याला सगळं येतंय असं त्याला वाटत राहतं.

म्हणून ईसीजी समोर आला की अंगठा थांबवा. खाली कमेंटमध्ये उत्तर आहे, तिकडे जायचं नाही. खिशात जी छोटी वही असते (नसली तर ठेवायला लागा), तिच्यात तीन ओळी लिहा: मला काय दिसतंय, मला काय वाटतंय, आणि आत्ता हा पेशंट माझ्यासमोर असता तर पुढची दहा मिनिटं मी काय केलं असतं. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची आणि लोक नेमकी तीच गाळतात. निदानाचं नाव ठोकून मोकळं होणं सोपं असतं.

त्या डच ईसीजीचंच घ्या. पन्नाशीचा माणूस, छातीत दाब, घाम. छातीवरच्या व्ही-१ ते व्ही-६ या लीडमध्ये एसटी (ईसीजीतला टी वेव्हच्या आधीचा भाग) वर उचललेला नाही, उलट खाली गेलेला आहे. पण तो खालून तिरका वर चढत जातो आणि त्याला जोडून उंच, टोकदार, दोन्ही बाजूंनी सारखी टी वेव्ह येते. आमच्या जेआरनं तीन ओळी लिहिल्या असत्या, तर बहुधा अशा झाल्या असत्या (एनस्टेमी म्हणजे एसटी न उचललेला हार्ट अटॅक): 'एसटी डिप्रेशन. एनस्टेमी. हेपॅरिन, आयसीयूत घेणे, सकाळी कार्डिओला दाखवणे.' मग तो खाली गेला असता आणि दचकला असता. हे चित्र एलएडी, म्हणजे हृदयाची पुढची मुख्य रक्तवाहिनी, बंद झाल्याचं असतं. रॉबर्ट डी विंटर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ते मांडलं, एलएडीच्या १,५३२ पेशंटांपैकी ३० जणांत म्हणजे सुमारे २ टक्क्यांत त्यांना ते दिसलं. इथे सकाळची वाट बघायची नसते, कॅथलॅबवाल्याला आत्ता झोपेतून उठवायचं असतं.

'सकाळी कार्डिओला दाखवणे' हे स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं वाचताना जो चटका बसतो, तो लाइक करून बसत नाही.

मग वहीत चौथी ओळ: माझं कुठे चुकलं. 'एसटी खाली असला तरी तो चढता आहे का ते बघायला हवं होतं.' एवढंच पुरे. पोस्टचा स्क्रीनशॉट घेऊ नका. स्क्रीनशॉट म्हणजे अभ्यास पुढे ढकलल्याची पावती. माझ्या फोनमध्ये एके काळी असे नऊशेच्या वर होते.

महिन्याच्या शेवटी वही उलटी धरा. म्हणजे चौथी ओळ हातानं झाका आणि पहिल्या तीन पुन्हा सोडवा. ज्या पुन्हा चुकतील त्यांवर खूण. त्या खुणांचीच यादी पुढच्या सेमिनारला घ्या. ड्युटीवर रोज एक केस, एवढाच हिशेब. पाच बघाल तर एकही राहणार नाही.

खरं की खोटं, हे दहा मिनिटांत कसं बघायचं

एखादी नवीन गोष्ट वाचली आणि उद्या वॉर्डात ती वापराविशी वाटली, तर आधी तिचा माग काढा. पोस्ट कुणाची, यापेक्षा ती कशावर उभी आहे हे महत्त्वाचं. मूळ पेपर उघडा. नुसता सारांश नाही, पद्धतीचा भाग आणि पहिला तक्ता. मग पबमेडवर त्याच पानावर 'मागे घेतला' अशी नोंद आहे का ते बघा. शेवटी हॅरिसनचं पाठ्यपुस्तक किंवा आपण मानतो ती गाइडलाइन काढा आणि ती काय म्हणते ते शेजारी ठेवा. दोन्ही जुळले नाहीत तर ती पोस्ट सेमिनारमध्ये चर्चेला येऊ द्या, पेशंटच्या केसपेपरवर येऊ देऊ नका.

२२ मे २०२० ला लॅन्सेटमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनवर पेपर आला. ६७१ हॉस्पिटलं, ९६ हजार पेशंट. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला तो गट तात्पुरता थांबवला. पण इकडे ट्विटरवर आणि खुल्या पत्रांतून आकडेशास्त्राची माणसं ओरडायला लागली, की ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूंचा या पेपरातला आकडा तिथल्या सरकारी आकड्यापेक्षा मोठा कसा? मूळ माहिती कुणाला दाखवता आली नाही आणि ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. तेरा दिवस लागले. पुढच्या वर्षी आयव्हरमेक्टिनवरचा एक गाजलेला प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर) लंडनमधल्या एका विद्यार्थ्यानं आकडे पुन्हा तपासल्यावर मागे घेतला गेला.

यावरून काही जण म्हणतात, बघा, सोशल मीडियानंच खोटं पकडलं. काही म्हणतात, खोटं पसरवलंही त्यानंच. माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही वेळा ज्यांना काही सापडलं ते पहिला तक्ता उघडून बसलेले लोक होते.

चित्रातला सारांश आणि खरा जर्नल क्लब

पेपरचा सारांश एका रंगीत चित्रात मांडायची पद्धत सर्जन अँड्र्यू इब्राहिम यांनी २०१६ मध्ये रूढ केली. नंतर त्यांनीच मोजून बघितलं. चित्रासह टाकलेले ट्विट सुमारे ८ पट अधिक वेळा पुढे पाठवले गेले. मूळ लेख उघडून बघणारे मात्र २.७ पटच वाढले. मला या दोन आकड्यांमधली दरी रोचक वाटते. चित्र पुढे ढकललं आणि लेख उघडलाच नाही, अशा लोकांची जत्रा त्या दरीत भरलेली असते.

विभागाचा जर्नल क्लब ऑनलाइन करायचा असेल, तर नेफजेसीकडून ढाचा घ्या. जोएल टॉफ आणि स्वप्निल हिरेमठ यांनी तो बांधला आहे. एक पेपर, आठवडाभर आधी जाहीर, चार-पाच प्रश्न आधीच ठरलेले, आणि तासभर नेमकी चर्चा. त्यांची मूळ वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मंगळवारी रात्री ९, म्हणजे आपल्याकडे बुधवारची सकाळ, त्यांच्या उन्हाळ्यात साडेसहा. राउंडच्या आधी हातात चहा घेऊन बघता येईल अशी ही वेळ आहे, हा आपल्याला मिळालेला भौगोलिक फायदा.

आपल्या जर्नल क्लबात एक प्रश्न मात्र कायमचा ठेवा: आपल्या ओपीडीच्या बाकावर बसलेला पेशंट या अभ्यासात घेतला गेला असता का? २०१५ च्या स्प्रिंट अभ्यासानं वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवल्याचा फायदा दाखवला. त्यात ९,३६१ जण होते, पण मधुमेही नव्हते आणि आधी पक्षाघात होऊन गेलेलेही नव्हते. शिवाय बीपी मोजलं होतं पाच मिनिटं शांत बसवून, यंत्रानं, तीनदा. आपल्याकडे पेशंट सकाळी एसटीनं उतरतो, केसपेपरच्या रांगेत दोन तास उभा राहतो, आणि आपण शर्टाची बाही वर सरकवून एकदा कफ बांधतो. त्या आकड्याला १२० चं माप लावलं, तर औषधं वाढवून आपण त्याला चक्कर आणू. हे एका रेसिडेंटनं स्वतःहून बोललं की समजा जर्नल क्लब झाला.

विभागाचा ग्रुप

प्रत्येक विभागाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो आणि प्रत्येक ग्रुपवर 'गुड मॉर्निंग सर' असतं. अभ्यासाचा ग्रुप वेगळा काढा. त्यावर ड्युटीच्या अदलाबदली नकोत, अभिनंदन नको, एचओडींच्या वाढदिवसाचा केक नको.

गरज सर्वांत जास्त कुठे भासते सांगू? डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीत. पीजीच्या मधल्या काळात तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावं लागतं आणि तिथे रेसिडेंट विभागापासून तुटतो. पण केस मात्र खूप बघतो. तिथून आठवड्याला एक केस या ग्रुपवर, असा नेम लावला तर उरलेल्या विभागाचाच फायदा होतो. मूळ पुण्याच्या एएफएमसीतून शिकून गेलेले डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत 'प्रोजेक्ट इको' सुरू केला, तो याच तत्त्वावर. गावातले डॉक्टर व्हिडिओवरून हिपॅटायटिस सीच्या केस मांडायचे, तज्ज्ञ आणि बाकीचे डॉक्टर मिळून त्यावर बोलायचे. २०११ मध्ये निकाल छापून आले, तेव्हा गावात उपचार घेतलेले आणि विद्यापीठात उपचार घेतलेले यांच्या बरे होण्यात फरक नव्हता. पेशंट कुठे गेला नाही, ज्ञान तेवढं गावात आलं.

ग्रुपची बांधणी अशी करा. सोमवारी रात्री आठला एक जण केस टाकेल: तक्रार, तपासणी, एक चित्र. निदान नाही. मंगळवार रात्रीपर्यंत सगळ्यांची उत्तरं. बुधवारी केस टाकणारा पुढचं उलगडेल. गुरुवारी शिक्षकांपैकी एक जण पाच ओळींत बांधून देईल. शुक्रवार ते रविवार ग्रुप बंद, 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' करून टाका. सतत वाजणारा ग्रुप दोन महिन्यांत म्यूट होतो आणि मग तो कायमचाच गेला समजा.

अडचण येते ती उत्तरांच्या वेळी. जेआर-१ उत्तर देत नाहीत. का? ग्रुपवर सर आहेत. चुकलं तर उद्या राउंडला 'काय हो हुशार' ऐकावं लागेल. मग जेआर-३ कुणीतरी उत्तर देतो, त्याखाली अठरा जण 'अ‍ॅग्री' लिहितात आणि संपलं. यावर दोन उपाय मी करून बघितले. पहिला: शिक्षकांनी बुधवारपर्यंत तोंड उघडायचं नाही, अंगठ्याचं चिन्हही नाही. दुसरा: मतदान टेलिग्रामवर घ्यायचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या मतदानात कोण काय बोललं ते साधारणपणे सगळ्यांना दिसतं. टेलिग्रामवर ते निनावी ठेवता येतं, शिवाय 'क्विझ' प्रकारात बरोबर उत्तर आणि त्याचं स्पष्टीकरण आधीच भरून ठेवता येतं. निनावी केल्यावर पहिल्यांदा आम्हाला कळलं, की ज्यावर सगळे 'अ‍ॅग्री' होते तिथे निम्मा विभाग चुकत होता. त्यात एक लेक्चररही असावेत असा मला संशय आहे. कदाचित मीच.

आणि एक नियम दारावरच लिहून ठेवा: पेशंट टेबलावर असेल तेव्हा या ग्रुपवर विचारायचं नाही. फोन करायचा. अभ्यासाच्या ग्रुपवर तातडीचा सल्ला मागितला, की सात जण सात उत्तरं देतात आणि जबाबदारी एकाचीही नसते.

फोटो

इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण इथे चूक झाली तर ती मागे घेता येत नाही.

आधी कायदा. २००२ चे व्यावसायिक आचाराचे नियम सांगतात, की ओळख पटेल अशा रीतीनं पेशंटचे फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय छापायची नाही. ओळख उघड होणार नसेल तर संमती लागत नाही असंही त्यातच आहे, आणि बरेच जण तेवढंच वाक्य पाठ करतात. २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नवे नियम आणले. त्यात सोशल मीडियाबद्दल स्वतंत्र मार्गदर्शन होतं आणि पेशंटचे फोटो, स्कॅन टाकणं टाळा असं स्पष्ट म्हटलं होतं. ते त्याच महिन्यात २३ तारखेला स्थगित झाले आणि पुन्हा २००२ चेच लागू झाले. पण वारं कुठल्या दिशेनं वाहतंय ते त्यावरून कळतं.

काही गोष्टी मात्र संमती घेऊनही टाकायच्या नाहीत. लैंगिक अत्याचाराची, पॉक्सोची केस. एचआयव्हीची ओळख पटेल असं काहीही. मानसोपचार वॉर्डातला फोटो. आणि रेडिओलॉजी-गायनॅकवाल्यांनी लक्षात ठेवावं असं, गर्भाच्या सोनोग्राफीची कुठलीही चित्रफीत, जिच्यात लिंग कळेल. जननेंद्रियांतला दोष शिकवायच्या भरात पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याखाली अडकायला वेळ लागणार नाही.

आता हात कुठे घसरतो ते. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव असतं हे सगळ्यांना माहीत असतं, ते झाकतातही. पण फोनमधल्या काळ्या मार्करनं झाकलेलं नाव उजेड वाढवला की कधी कधी खालून वाचता येतं. प्रेझेंटेशनमध्ये क्रॉप केलेला भाग फाइलमध्ये तसाच लपलेला असतो, कुणीही तो परत ओढून काढू शकतो. म्हणून चित्र आधी कापा, मग त्या कापलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच वापरा. स्क्रीनशॉटचा एवढा एकच उपयोग मी मान्य करतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर बारीक रेषा पुसट होतात, ईसीजीचं तर वाटोळं होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर चित्र स्वच्छ जातं, पण फोटो कधी आणि कुठे काढला ही आत लपलेली माहितीही जशीच्या तशी जाते. वर सांगितलेला स्क्रीनशॉट डॉक्युमेंट म्हणून पाठवा, दोन्ही अडचणी सुटतात.

डोळ्यांवर काळी पट्टी मारून माणूस लपत नाही. आणि चेहरा नसला तरी ओळख राहते. गावाकडच्या बाईच्या हातावर गोंदलेलं नाव असतं. चादरीवर हॉस्पिटलचा शिक्का असतो. मागे पलंगाचा नंबर, मनगटाला पट्टा, कडेला नातेवाइकाचे पाय. फोटो मोठा करून चारही कोपरे बघायचे आणि मगच मधलं चित्र बघायचं.

सगळ्यात फसवी ओळख चित्रात नसतेच, ती मजकुरात असते. 'काल रात्री बिबट्याच्या हल्ल्यातला तरुण आला' एवढं लिहिलंत, की झालं. त्याचं नाव, गाव आणि त्याच्या मेव्हण्याची प्रतिक्रिया आज सकाळच्या पेपरात आलेलीच आहे. दुर्मीळ घटना असेल तर काही महिने थांबा, जागा काढून टाका, वय 'तिशीतला' असं ढोबळ करा.

संमती मराठीत मागा, आणि दाखल झाल्याच्या दिवशी घाबरलेल्या नातेवाइकांकडून नको. माणूस बरा होऊन घरी निघताना विचारा: "मावशी, तुमच्या पायाचा हा फोटो दुसऱ्या डॉक्टरांना शिकवायला वापरू का? तोंड दिसणार नाही, नाव येणार नाही. पण एकदा इंटरनेटवर गेला की तो मला परत आणता यायचा नाही. नको म्हणालात तरी पुढच्या वेळी याल तेव्हा औषधपाणी असंच होईल." फोटो त्यांना दाखवूनच विचारा. मग कागदावर सही. नको म्हणाल्या तर तिथेच त्यांच्यासमोर पुसून टाका.

फोनमध्ये एक सेटिंग आजच बंद करा: ग्रुपवरचे फोटो आपोआप गॅलरीत जाणं. फोनमधले फोटो टीव्हीवर आपोआप फिरवत ठेवण्याची सोय आमच्याकडे मुलानं लावून दिली होती. दिवाळीत पाहुणे फराळाला बसले होते आणि भिंतीवर नातीच्या बारशाच्या फोटोपाठोपाठ एका मधुमेही पेशंटचा काळा पडलेला पाय आला. बायकोनं चिवड्याची वाटी खाली ठेवली. त्या दिवसापासून माझ्या गॅलरीत पेशंट नाही.

स्वतः लिहायला लागा

जेआर-२ पर्यंत पोहोचलात की लिहायला हरकत नाही. तोवर वाचा.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशाचे पेशंट बघत बसले, नोंदी ठेवल्या, प्राझोसिन या औषधाचा उपयोग मांडला आणि कोकणातल्या त्या निरीक्षणांना लॅन्सेटनं जागा दिली. आज पाच-सहा पोस्टची माळ लिहायला तेवढी तपश्चर्या लागत नाही. पण विषय निवडायची रीत तीच: जे आपल्या दारात रोज येतं आणि पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं असतं.

नमुना म्हणून फुरशाच्या दंशातली २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी घेऊ. पहिल्या पोस्टमध्ये व्याख्या नको, फसगत द्या: 'दंश झालेला पेशंट. बल्बमधलं (चाचणीच्या नळीतलं) रक्त २० मिनिटांनीही पातळ. सापाच्या विषावरची लस सुरू करणार?' मतदान ठेवा. दुसऱ्या पोस्टमध्ये उलगडा: बल्ब प्लास्टिकचा होता. रक्त गोठायची सुरुवात काचेच्या स्पर्शानं होते, प्लास्टिकमध्ये निरोगी माणसाचं रक्तही पातळ राहू शकतं. तिसरीत कृती: स्वच्छ, कोरडी काचेची नळी, शिरेतलं २ मिली रक्त, २० मिनिटं न हलवता ठेवायची, मग एकदाच तिरकी करायची. साबणानं धुतलेली नळी चालत नाही. चौथीत सर्वांत कामाची युक्ती: शंका असेल तर शेजारी स्वतःचं किंवा नातेवाइकाचं रक्त दुसऱ्या नळीत ठेवा, तेही गोठलं नाही तर दोष नळीचा. पाचवीत पुढचं: लस दिल्यावर सहा तासांनी पुन्हा चाचणी, आणि आपली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरच चालते. शेवटी गाइडलाइनचा दुवा. एका पोस्टमध्ये एकच गोष्ट.

मराठीत लिहा, निदान एकदा तरी. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर, सिस्टर, लॅब टेक्निशियन ते वाचतील. काचेच्या नळ्या संपल्यात हे मागणीपत्रात लिहिणारे तेच असतात.

टाकण्याआधी माळ एका कनिष्ठाला आणि एका ज्येष्ठाला वाचायला द्या. कनिष्ठ कुठे अडला ते बघा, ज्येष्ठ कुठे हसला ते बघा. चूक निघाली तर पोस्ट गुपचूप पुसू नका, तिच्याखाली दुरुस्ती लिहा. सामान्य माणूस खाली येऊन 'माझ्या भावाला साप चावलाय' असं लिहील, तेव्हा तिथे उपचार सांगायचे नाहीत. 'ताबडतोब जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या, १०८ ला फोन करा', बस.

वेळ आणि हिशेब

दिवसाला वीस मिनिटं, गजर लावून. नाइट ड्युटी करून आल्यावर अजिबात नाही, झोपा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट तास लागतात, त्यात तुमच्या वहीतली एकही ओळ धरली जाणार नाही. थिसिसही याच्यानं पुढे सरकत नाही, उलट तो टाळायला हे उत्तम निमित्त आहे.

तीन महिन्यांनी वहीत मोजा: किती केस सोडवल्या, किती पुन्हा चुकल्या, आणि किती प्रत्यक्ष वॉर्डात भेटल्या. तिसरा आकडा शून्य असेल तर फॉलो केलेली माणसं बदला, तुम्ही करमणूक बघताय.

आमच्या त्या जेआरनं वही घातली. पहिल्या पानावर तारीख आहे, आणि खाली त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात, 'एसटी खाली आहे. पण चढता आहे का?'